दिवाणजी निघाले, आता दुकान कसं चालवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तुम्ही सहा जण मिळून हळदीच्या अडत दुकानावर एक विनोदी मालिका करता. पंधरा-पंधरा मिनिटांचे २४ भाग झालेत. पात्रं सहा: शेठ, त्यांची बायको, हिशेब सांभाळणारे दिवाणजी, हमाल, तोलाईवाला आणि समोरची चहावाली. लोकांचा सगळ्यात लाडका दिवाणजी. ते काम करणारा तुमचा मित्र बँकेच्या बदलीवर नागपूरला निघालाय. आता त्याच टोपीत, त्याच चष्म्यात दुसरा नट उभा करायचा, दिवाणजींना कथेतून निरोप देऊन नवं पात्र आणायचं, की मालिका इथंच थांबवायची? आणि मोठ्या मालिकांत असा लाडका माणूस गेल्यावर नेमकं काय बदलतं, हेही तुम्हाला हवंय.

मी वीसेक वर्षं मुंबईत विनोदी मालिकांचे भाग लिहिले. आता इथंच सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि स्पर्धेच्या नाटकांच्या तालमींना बसतो. माझं मत आधी सांगून टाकतो. मालिका थांबवू नका. दुसरा दिवाणजी आणू नका. नवं पात्र आणा, पण त्याआधी उरलेली पाच पात्रं पुन्हा लिहायला बसा. या कामात बहुतेक सगळे उलट्या क्रमाने जातात. नवा माणूस कोण, यावर पंधरा दिवस डोकं चालवतात आणि उरलेल्यांना जसंच्या तसं पुढे ढकलतात. माझ्या अनुभवात मालिका तिथेच बसते.

जरा हिशेब करून बघा. सहा जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात १५. एक जण गेला की त्यातल्या पाच जातात, दहा उरतात. एवढं सोसेल असं वाटतं. पण विनोदी मालिकेतले रंगणारे सीन बहुतेक तिघांचे असतात: एक खोटं बोलणारा, एक फसणारा आणि एक सगळं ठाऊक असून नुसता बघत बसलेला. सहा जणांत तिघातिघांचे गट होतात २०, आणि कुठलाही एक माणूस त्यातल्या दहांत असतो. म्हणजे दिवाणजी गेले की तिघांचे निम्मे सीन गेले. तुमच्या दिवाणजींसारखा बघत बसणारा गेला तर मनातलं नुकसान त्याहून मोठं, कारण प्रेक्षक त्याच्याच डोळ्यांनी बघत असतात.

आपल्याकडे रिप्लेसमेंट, म्हणजे एकाच्या जागी दुसरा नट, ही काही नवलाची गोष्ट नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून इथं नट बदलत आलेत आणि नाटकं चालत आलीत. हरिपूरच्या देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव शंभराहून जास्त वर्षं वेगवेगळ्या अंगाखांद्यांवर वावरतोय. 'ऑल द बेस्ट' हे नाटक १९९३ मध्ये आलं, त्यानंतर त्या तीन मित्रांच्या भूमिकांत किती संच येऊन गेले! तिथं हे जमतं, कारण एक आंधळा, एक बहिरा, एक मुका ही अडचण संहितेत पक्की लिहिलेली आहे. नट येतो, ती अडचण अंगावर चढवतो आणि हशा वसूल करतो. सिटकॉममध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या विनोदी मालिकेत, संहिता नटाच्या मापाने शिवत जाते. पहिले पाच-सहा भाग लेखक आपल्या मनातलं पात्र लिहितो. मग त्याला दिसतं, की हा नट ओळ टाकण्याआधी चष्मा पुसतो आणि लोक चष्म्यालाच हसतात. विसाव्या भागापर्यंत आपण ओळीऐवजी चष्मा लिहायला लागलेले असतो. तो कपडा दुसऱ्याला घातला की खांद्यात ओढतो.

तुम्ही पाठवलेल्या अकराव्या भागातलाच सीन घेतो. शेठ फोनवर गिऱ्हाइकाला सांगतायत:

"व्हय, माल तयार हाय. गाडी लावा तुमी." फोन ठेवतात. "दिवाणजी, माल किती हाय?"

दिवाणजी बोट ओलं करतात, वहीचं पान उलटतात, मान वर न करता विचारतात, "कंचा माल?"

मी हा सीन चार वेळा बघितला. हशा 'कंचा माल'वर पडत नाही. तो पडतो शेठच्या चेहऱ्यावर, त्यांना आपण उघडे पडलो हे कळतं तेव्हा. आणि तो पडतो, कारण दहा भाग बघून आपल्याला पक्कं ठाऊक झालंय की दिवाणजींना पोत्यापोत्याचा हिशेब तोंडपाठ आहे. त्यांचं 'माहीत नसणं' म्हणजे शेठच्या खोट्यात सामील व्हायला दिलेला नकार आहे, तोही पगारी माणसाला जितका देता येईल तितकाच. आता तीच टोपी घालून नवा नट आला आणि त्याने अगदी तसंच बोट ओलं करून 'कंचा माल' म्हटलं, तर काय होईल? त्याला खरंच माहीत नाही असं वाटेल. ओळ तीच, पण मागचे दहा भाग त्याच्या खात्यावर जमा नाहीत.

समजा, त्या गादीवर तुम्ही नुकतीच बी.कॉम. झालेली एक उत्साही पोरगी बसवलीत. शेठचा फोन अजून कानाला आहे आणि ते खुणेनं विचारतायत, माल किती. पोरगी संगणकातून डोकं वर काढून खणखणीत आवाजात सांगते, "शून्य, शेठ!" हाही हशाच आहे, पण त्याची जागा हलली. आधी शेठ दिवाणजींच्या गप्प बसण्याला घाबरायचे, आता पोरीच्या खरं बोलण्याला घाबरतील. आधी फोन ठेवून विचारायचे, आता फोन घ्यायच्या आधी पोरीला चहा सांगायला पाठवतील. म्हणजे शेठ लपवाछपवी करणारा माणूस झाला. पूर्वी ते गिऱ्हाइकाशी बेधडक खोटं बोलायचे, कारण दिवाणजी त्याच्यापुढे गप्पच बसणार हे ठाऊक होतं. मग हमालाचं बघा. २४ भागांत तो दिवाणजींसमोर एकदाही शेठला उलटून बोललेला नाही. आता गादीवर वडीलधारं कुणी नाही म्हटल्यावर तो नुसता खाकरला तरी सीन होईल. एक माणूस बदलला आणि दोघांचे स्वभाव पुन्हा लिहावे लागले. अजून तिघं बाकी आहेत.

हे काम जगात सगळ्यात चांगलं कुणी केलं, तर माझ्या मते 'चिअर्स' या अमेरिकन मालिकेच्या लेखकांनी. १९८२ ते १९९३ चाललेली ही मालिका, बॉस्टनमधल्या एका बारची. तिच्यातून दोन मोठी माणसं गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी वेगळा उपाय केला. पहिला गेला कोच. म्हातारा, भोळा, प्रत्येक गोष्टीचा शब्दशः अर्थ घेणारा. ते काम करणारे निकोलस कोलासँटो १९८५ च्या फेब्रुवारीत वारले. मालिकेने कोचलाही वारलेला दाखवलं आणि पुढच्या पर्वात वुडी आणला, इंडियाना राज्यातल्या खेड्यातला पोरगा. तो येतो कोचला भेटायला. दोघं एकमेकांचे 'पेन पल' असतात, म्हणजे आपल्या भाषेत पत्रमित्र, फक्त हे दोघे पत्रं धाडत नसतात, खरोखरची पेनं धाडत असतात! एका विनोदात लेखकांनी तीन कामं उरकली. कोचची आठवण काढली, त्याचा भोळेपणा पुन्हा एकदा दाखवला, आणि हा नवा पोरगा त्याच मातीचा आहे हे सांगून टाकलं. कोचचं काम तेच राहिलं, माणूस मात्र पूर्ण वेगळा. म्हातारा भोळा असतो तेव्हा आपण त्याला जपतो. तरुण भोळा असतो तेव्हा त्याला शिकवायला जातो. त्यामुळे बारचा मालक सॅम, जो कोचपुढे मुलगा होता, तो वुडीपुढे थोरला भाऊ झाला. बघा, बदलला कोण? सॅम.

दुसरी गेली डायान, १९८७ मध्ये. शेली लाँग यांनी मालिका सोडली तेव्हा सॅम आणि डायानचं भांडत-भांडत चाललेलं प्रेम हेच मालिकेचं इंजिन होतं. इथं त्यांनी तेच काम दुसऱ्याला दिलं नाही. दुसरी शिकलेली, नाजूक, पुस्तकं वाचणारी नायिका आणली असती तर लोकांनी प्रत्येक वाक्याला तुलना केली असती. त्यांनी सॅमलाच खाली आणलं. पुढचं पर्व सुरू होतं तेव्हा त्याने बार विकलेला असतो, त्या पैशांत घेतलेली बोट बुडालेली असते, आणि तो आपल्याच बारमध्ये नोकरी मागायला येतो. बार आता एका कंपनीचा आणि तिथली मॅनेजर रिबेका. मालकाचा नोकर झाला. हे वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. कारण आम्ही सगळे नव्या बाईचा स्वभाव शोधत बसतो, आणि या लोकांनी जुन्या माणसाची खुर्ची काढून घेतली. रिबेका सुरुवातीला करारी साहेबीण म्हणून लिहिली होती. पुढे लेखकांना दिसलं, की कर्स्टी ॲली हरताना, रडकुंडीला येताना जास्त हसवते, आणि त्यांनी पात्र तिकडे वळवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा: नव्या माणसाचं पात्र पहिल्या दिवशी पक्कं करू नका. नट काय करताना फुलतो ते पाच-सहा भाग बघा. जुन्यालाही तुम्ही तेवढी सवलत दिलीच होती.

कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची 'मॅश' ही तर माणसं जाण्याची शाळाच आहे. १९७२ ते १९८३ एवढी चालली आणि मूळ संचातले बरेच जण मध्ये गेले. हेन्री ब्लेक हा ढिसाळ, प्रेमळ कमांडर १९७५ मध्ये गेला. त्याला घरी जायचा हुकूम मिळतो, सगळे निरोप देतात, आणि शेवटच्या सीनमध्ये ऑपरेशन चालू असताना बातमी येते की त्याचं विमान समुद्रावर पाडलं गेलं. ते शेवटचं पान बहुतेक कलाकारांना ऐन शूटिंगच्या वेळीच हातात दिलं होतं. विनोदी मालिकेत असं करायला छाती लागते, आणि ते शोभलं कारण मालिका युद्धाची होती. तुमच्या दिवाणजींना मारू नका. हळदीच्या दुकानाला ते पेलणार नाही, आणि नट जिवंत असताना पात्र मारलं की लोकांच्या मनातली परतीची दारं बंद होतात.

मला 'मॅश'मधला जास्त उपयोगी वाटतो तो फ्रँक बर्न्सचा बदल. हा एक बिनडोक, भित्रा डॉक्टर, सगळ्यांच्या थट्टेचा धनी. १९७७ मध्ये तो गेला आणि त्या जागी चार्ल्स विंचेस्टर आला. तोही गर्विष्ठ, तोही सगळ्यांना नकोसा, म्हणजे गटातली जागा तीच. पण हा शल्यविशारद म्हणून अव्वल आणि बोलण्यातही तिखट. त्यामुळे नायक हॉकआयला पहिल्यांदाच तोडीस तोड मिळाला. फ्रँकची थट्टा करणं सोपं होतं, आणि दरवेळी तीच थट्टा होऊन ती शिळी व्हायला लागली होती. चार्ल्सची थट्टा करायला लेखकांना घाम गाळावा लागला असणार, आणि तो पडद्यावर दिसतो. गेलेल्या माणसामुळे एखादी मालिका सुधारू शकते, याचं मला हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण वाटतं.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, कारण चुकीचा रस्ता मी स्वतः चालून आलोय. आठवड्याला चार भाग जाणारी एक कौटुंबिक विनोदी मालिका मी लिहीत होतो. तिच्यातले काका लोकांना फार आवडायचे. त्या नटाचं आणि निर्मात्यांचं तारखांवरून बिनसलं आणि एका शुक्रवारी तो यायचा थांबला. आमच्याकडे भागांची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला साठा, होती जेमतेम आठवड्याची. वरून निरोप आला, सोमवारी काका पाहिजेत. तशीच मिशी, तसाच सदरा, दुसरा नट. नट चांगला होता, हे मी मनापासून सांगतो. तयार रंगभूमीवरचा माणूस. मी जुनेच सीन पुढे ओढले, एक अक्षर न बदलता.

पहिल्या वाचनाला काकूंचं काम करणाऱ्या बाईंनी "अहो, ऐकलंत का" म्हणताना डावीकडे बघितलं. पाचशे भाग काका डावीकडे बसत आले होते. नवीन नट उजवीकडे बसला होता. कुणी काही बोललं नाही. स्पॉटदादा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला होता, तो तसाच मागे फिरला. महिनाभर आम्ही रेटलं आणि हशा काही केल्या पडेना. मी ओळी धारदार करत गेलो, पंच वाढवत गेलो, तसतसं ते आणखी कोरडं व्हायला लागलं. शेवटी एका रात्री पॅकअपनंतर त्या बाईच म्हणाल्या, "मी काकांवर कधी चिडतच नव्हते हो. ते गप्प बसायचे ना, त्या गप्प बसण्यावर चिडायचे. हे गप्प बसतच नाहीत, मी चिडू कशावर?"

त्या रात्री मला हा धंदा नव्याने कळला. काकूंचा चिडका स्वभाव मी त्यांच्या नावावर लिहिला होता, आणि तो निम्मा काकांच्या मौनाचा होता. काका गेल्यावर काकूंचा स्वभावही निम्मा गेला होता. आम्ही मग उलटं केलं. नव्या नटाला बोलू दिलं. तो भराभर, न थांबता बोलायचा, तेच त्याचं बळ होतं. आणि काकूंना गप्प केलं. घरात सगळ्यात जास्त बोलणारी बाई एकदम ऐकायला लागली, आणि मधूनच एक शब्द टाकायला लागली. पुढच्या काही महिन्यांतले मालिकेतले मोठे हशे त्यांच्या त्या एका शब्दावर पडले. काही प्रेक्षकांनी कळवलं की या आमच्या काकू नव्हेत. खरंच नव्हत्या. पण मालिका उभी राहिली. महिनाभर रेटून झाल्यावर जे केलं ते त्या पहिल्या शनिवार-रविवारीच करता आलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडच्या हिंदी मालिका बघा. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ च्या जुलैपासून चालू आहे. तिच्यात टप्पू बदलला, अंजली बदलली, खुद्द तारक मेहता बदलले, पात्रं त्याच नावाने चालू राहिली. दयाबेनचं मात्र तसं केलं नाही. दिशा वकानी २०१७ मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि नियमित कामाला परतल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षं दया अहमदाबादला माहेरी आहे, येईल, असंच चालत राहिलं. दयाला कुणी बदली देऊ धजलं नाही हे मी समजू शकतो. तो आवाज, तो गरबा, ते 'हे माँ, माताजी' दुसऱ्या गळ्यात घालणं सोपं नव्हतं. पण बघण्यासारखा आहे तो जेठालालवरचा परिणाम. घरी दया होती तेव्हा बबिताजींसमोरचा जेठालाल निरागस वाटायचा. घरी प्रेमाचा, भाबडा संसार होता, आणि बाहेरचं ते विरघळणं म्हणजे पोरकटपणा होता. दया गेली आणि त्याच विनोदाखालची फळी निघाली. दिलीप जोशी इतके तयार नट आहेत म्हणून ते चालून गेलं. शिवाय बापूजी आणि जेठालाल यांच्यामध्ये उभं राहणारं घरात कुणी उरलं नाही. लेखकांनी दया येणार-येणार म्हणत जागा राखून ठेवली, त्यामुळे जेठालालला एकटा राहणारा माणूस म्हणून नव्याने लिहिताही आलं नाही. परतीचं आश्वासन देत राहिलात तर तुम्हाला ना शोक करता येतो, ना पुढे जाता येतं. नागपूरहून मित्र कधीमधी येईल, तेव्हा एखादा भाग जरूर करा. पण कथेत 'दिवाणजी पुढच्या महिन्यात येतायत' असं एकदाही म्हणू नका.

उलट उदाहरण 'भाभीजी घर पर हैं'चं. २०१५ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये शिल्पा शिंदे गेल्या आणि अंगूरी भाभीच्या त्याच भूमिकेत शुभांगी अत्रे आल्या. लोकांनी स्वीकारलं. का? अंगूरी ही बाहेरून घडवलेली भूमिका आहे. बोलण्याची ठेवण, चुकीचं इंग्रजी, 'सही पकड़े हैं', साडी, चाल. ती जवळजवळ नाटकातली भूमिका आहे, 'ऑल द बेस्ट'सारखी, चढवता येणारी. शिवाय तिच्या भोवतीच्या माणसांची हाव तीच राहिली होती. तुमचा दिवाणजी असा असता तर मीच म्हटलं असतं, दुसरा नट घ्या. पण तुमच्या दिवाणजीला तकियाकलाम, म्हणजे ठरलेलं पालुपद, नाही, चाल नाही, विशेष पोशाख नाही. आहे तो एक डोळे खाली घालून बसलेला माणूस आणि त्याच्या थांबण्याच्या जागा. त्या जागा नागपूरला चालल्यात.

स्किटच्या कार्यक्रमांचं गणित वेगळं असतं, त्यावर फार वेळ घालवत नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तून २०२२ मध्ये विशाखा सुभेदार बाहेर पडल्या, तेव्हा समीर चौघुलेंबरोबरची एक जमलेली जोडी तुटली. पण तिथं दर स्किटला पात्रं नवी, घर नवं, नातं नवं, त्यामुळे जोड्या पुन्हा वाटता येतात. तुमचं दुकान रोज तेच आहे, म्हणून तुमचं काम अवघड.

एका मोठ्या चुकीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीत मला तीच दिसली. तुम्ही लिहिलंय की तोलाईवाला लोकांना दिवाणजीच्या खालोखाल आवडतो, तर त्यालाच गादीवर बसवायचं का? 'द ऑफिस'च्या अमेरिकन आवृत्तीत २०११ मध्ये स्टीव्ह कॅरेल, म्हणजे मॅनेजर मायकल, गेला. मध्ये काही पाहुणे येऊन गेले आणि मग अँडी या जुन्या सहकाऱ्याला मॅनेजर केलं. अँडी बाजूला बसून गमतीदार होता. मध्यभागी आला आणि त्याला काय करायचं कळेना. मालिका २०१३ मध्ये संपली, तिच्यात पुढेही चांगले भाग झाले, पण मधलं बरंच मला चाचपडणं वाटतं. लोणचं ताटात डावीकडे वाढतात. ते आवडतं म्हणून वाटीभर घेऊन भाजीसारखं खात नाही कुणी. तोलाईवाला चाळीस सेकंद येतो, आकडा चुकवतो आणि जातो, म्हणून तो आवडतो. त्याला पंधरा मिनिटं गादीवर बसवलंत तर तुमची दोन्ही माणसं जातील.

मग करायचं काय? एक संध्याकाळ सहाही जण एकत्र बसा, तुमचा मित्रही हवा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल. त्या घरातलं एकेक माणूस मनातल्या मनात काढून बघायचा खेळ मी विद्यार्थ्यांना देतो. आबा काढले की रोजनिशीच गेली, घराकडे मायेने बघणारी नजर गेली. शिऱ्या काढला तर आबांचा भिडू गेला, आणि आबा नुसते उपदेश करणारे म्हातारे होण्याची भीती. श्यामला काढली तर घराला धाक उरला नाही. हाच खेळ तुमच्या दुकानावर खेळा. प्रत्येकाने फक्त एवढंच सांगायचं: दिवाणजी समोर असताना मी काय करत होतो, जे आता करू शकणार नाही. चहावाली म्हणेल, मी त्यांच्या चहात साखर कमी घालायचे, शेठच्या नाही. शेठची बायको म्हणेल, दुकानात काय चाललंय हे मला त्यांच्याकडून कळायचं. ती यादी कागदावर घ्या. शेठच्या बायकोला आता बातमी कोण देणार? कुणीच नाही, म्हणून ती स्वतः दुकानात येऊन बसायला लागली, तर? आजवर ती फक्त डबा घेऊन येत होती. मला तर नव्या पोरीपेक्षा ही शक्यता जास्त आवडते. कदाचित नव्या माणसाची गरजच पडणार नाही, किंवा पडली तरी चार भागांनंतर. नवं पात्र या यादीतून जन्माला येऊ द्या.

निरोपाचा भाग लहान ठेवा. सगळ्यांनी रडू नका. दिवाणजींनी किल्ल्या हमालाच्या हातात द्याव्यात आणि शेठना फक्त वही कुठल्या कप्प्यात आहे ते सांगावं, एवढं पुरे. त्यांना पाठवायचं कुठं? मुलाकडे, खऱ्यासारखंच नागपूरला. नंतरचे दोन भाग गादीवर कुणालाही बसवू नका, पण गादी फ्रेममध्ये दिसू द्या. शेठ सवयीने तिकडे वळून "दिवाणजी" म्हणतील, एकदाच. दुसऱ्यांदा म्हणालात तर प्रेक्षक चुळबुळ करतील. तिसऱ्या भागात कुणीतरी तिथं बसेल, आणि ते नकळत बसलेलं असावं. डबा ठेवायला जागा नाही म्हणून शेठची बायको टेकते, फोन वाजतो, ती उचलते. आणि त्यांचं बोट ओलं करून पान उलटणं कुणालाही देऊ नका. नव्या माणसाची पहिल्या दहा भागांत दिवाणजींशी तुलना करणारं एकही वाक्य लिहू नका, कौतुकाचंही नाही. लोक ती तुलना घरी करतच असतात.

तुमचा मित्र जायच्या आधी त्याची एक सकाळ मागून घ्या. कॅमेरा नको. बाजार उघडायच्या आधी, हमालांचा गलबला सुरू व्हायच्या आत दुकानात बसवा आणि त्याचा नुसता आवाज घ्या. फोनवर बोलल्यासारखं: "व्हय.", "न्हाई.", "कंचा?", "बगतो.", "शेठ, वही डाव्या कप्प्यात." प्रत्येक शब्द पाच-सहा तऱ्हेने, मध्ये भरपूर थांबून. त्याचं खाकरणं घ्या. पान उलटल्याचा आवाज घ्या. तो काहीच बोलत नाही अशी दोन मिनिटंही घ्या, त्याच्या श्वासासकट. पुढे कधी नागपूरहून दिवाणजींचा फोन आला आणि पलीकडून कुणी बोललंच नाही, तर ती शांतता तुम्हाला त्याचीच लागेल.